अंगठीची टकटक

अलेप्पो, ४ मार्च २००९

ती. बदीआताई हिस,
धाकट्या नूरीचे सप्रेम सलाम, वि. वि.

फोन करून करून थकलो. दर वेळी तुझी सून रीमच उचलते आणि सांगते की आई नमाजाला बसल्यात, आई पडल्यात, आई शेजारी गेल्यात. लग्नाआधी तर तू एवढी कामाची नव्हतीस. असो. तुला पत्रच आवडतं म्हणतेस, तर पत्र. सोबत कॅसेट आहे, नेहमीसारखी लताकियाच्या बसवाल्याच्या हाती. माझ्या आयहमने यंत्र लावून दिलं आणि मी गायलो.

परवा एका हॉलमध्ये लग्नात गायलो. गायलो म्हणायचं आपलं. चिरंजीवांनी सगळं आधीच कीबोर्डात भरून ठेवलं होतं, माझा आवाजसुद्धा. मुलीचा बाप जवळ येऊन म्हणाला की काका, तुम्ही नुसते ओठ हलवा, उगाच दमू नका. हलवले. मध्येच मला सणसणीत शिंक आली, तरी गाणं आपलं चालूच! पोरं खो खो हसली. मीही हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही.

बाबांच्या अंगणातले गुरुवार आठवतात. खाली पुरुष, वर जाळीच्या खिडकीमागे तुम्ही बायका. खालचे ‘अल्ला, अल्ला’ करून दाद द्यायचे, तुम्हाला ब्र काढायची सोय नव्हती. मग तू अंगठीने खिडकीच्या फळीवर टकटक करायचीस आणि मी तीच ओळ फिरून घ्यायचो. लोकांना वाटायचं, या पोराला आतून काहीतरी सुचतंय. आतून कसलं, वरून सुचायचं. ओळ कोणी मागितल्याशिवाय पुन्हा येत नाही, आणि पुन्हा आल्याशिवाय तिच्यात काय आहे ते गाणाऱ्यालाही कळत नाही. मागणारे सगळे एकेक करून मातीत गेले, ताई. आता तू एकटी उरलीस. तू ऐकतेस म्हणून मी यंत्रासमोर बसतो. तू ऐकणं सोडलंस की मीही गळ्याला कुलूप लावणार.

आहे तेवढी माया सांभाळून ठेव.
तुझा
नूरी

*

लताकिया, १५ मार्च २००९

चि. नूरी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅसेट पोचली. बसवाल्याने दारावर बराच वेळ घंटा वाजवली म्हणे, आणि शेवटी शेजारणीकडे ठेवून गेला. मी घरातच होते, पण त्या घंटेत काही दम नाही. लेकाला, निजारला, कधीची सांगतेय बदल म्हणून.

गाणं लावलं. ‘उंबऱ्याचं गाणं’ तू घेतलंस ते बरं केलंस. ‘पाऊल उंबऱ्यावर थांबलं’ ही ओळ तू तीनदा फिरवलीस, तिसऱ्यांदा अगदी खाली उतरलास. मी टेपवर अंगठी वाजवली तेवढ्यातच तू चौथ्यांदा घेतलीस. आहे की नाही अजून आपलं जुळत?

शिंकेची गोष्ट वाचून मी आणि रीम दोघी हसलो. मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या घरी काय वेगळं आहे? संध्याकाळी चौघं एका सोफ्यावर बसतात, प्रत्येकाच्या कानात आपापली वायर. एक मान हलवतोय, दुसरा पाय, तिसऱ्याचे डोळे भरलेत. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. जेवायला हाक मारून काही उपयोग नाही, ताटलीच नाकाखाली धरावी लागते. नूरी, या घरात एकटी मीच बहिरी नाही, असं मी गमतीने म्हणते.

जेवत जा. उपाशी पोटी रुसण्याचं तुझं वय राहिलेलं नाही.
आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत.
तुझी
बदीआताई

*

अलेप्पो, ९ एप्रिल २००९

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

आज भाजी घ्यायला गेलो होतो. वांगी निवडत होतो, तर समोरच्या भाजीवाल्याच्या खिशातून मीच गायला लागलो. ‘पाऊल उंबऱ्यावर...’ एवढं झालं आणि त्याने फोन काढून अंगठा दाबला, हं बोल म्हणाला. संपलं. मी वांगं हातात घेऊन तसाच उभा. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला, पुन्हा मी, पुन्हा अंगठा. शेवटी न राहवून त्याला विचारलं की बाबा, हे गातंय कोण. तो म्हणाला, कोणीतरी जुना आहे, मेला असेल.

घरी येऊन आयहमला धरलं. त्यानेच माझी कॅसेट कापून फोनसाठी तुकडा केलाय आणि दुकानादुकानांतून विकलाय. वर मलाच ऐकवतो की बाबा, तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे, अख्ख्या शहराच्या खिशात आहात. मी म्हटलं, अरे गाढवा, ओळ तरी पुरी होऊ द्यायची होतीस! गाण्यातला तो माणूस आता जन्मभर उंबऱ्यावर उभा, ना आत ना बाहेर. आणि फोनवरचं गाणं कोणी ऐकायला उचलतं का? गप्प करायला उचलतात. यावर तो म्हणाला की तुमचं पूर्ण गाणं ऐकायला माणसाने नोकरी सोडावी लागेल. खोटं नाही बोलला. म्हणूनच जास्त लागलं.

आमचं बोलणं बंद आहे. त्यामुळे सोबतची कॅसेट मी स्वतः यंत्र लावून भरलीय, कोणाच्या बापाची मदत न घेता. संबंध ‘उंबऱ्याचं गाणं’ आहे, सावकाश, जसं बाबांसमोर गायचो तसं. असं गाणं मला पुन्हा जमेल असं वाटत नाही. जपून ऐक.

तुझ्या कानांच्या भरवशावर असलेला
नूरी

*

लताकिया, २० एप्रिल २००९

चि. नूरी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ऐकली. काय सांगू? अशी कॅसेट तू आजवर पाठवली नव्हतीस. सुरुवात किती हळू केलीस, जणू कोणाला उठवायचं नाही. ‘पाऊल थांबलं’ वर आलास तेव्हा मी अंगठी वाजवतच राहिले. डोळ्यांना धार लागली. रीम धावत आली, तिला वाटलं काही दुखलंखुपलं. आज बाबा असते तर त्यांनी पगडी उडवली असती.

आयहमशी बोल. पोरगा वाईट नाही, फक्त घाईत आहे. त्याच्या वयाला तूसुद्धा बाबांना सांगितलं होतंस की तुमचे म्हातारे मित्र फार झोपतात.

इथे बाकी ठीक. मोसंबीला बहर आलाय. फोन करू नकोस, लाइन खराबच आहे.
आशीर्वाद पुरून उरतील एवढे.
बदीआताई

*

अलेप्पो, २ मे २००९

बदीआस,

सलाम लिहायला हात होत नाही.

काल आयहम खोलीत आला तेव्हा मी तुझ्यासाठी नवी कॅसेट भरत होतो. थोडा वेळ दारात उभा राहिला आणि मग हसायला लागला. म्हणाला, बाबा, हे असं नुसतं फिरतं, भरत काही नाही. लाल बटण आणि शेजारचं बटण दोन्ही एकदम दाबावी लागतात. तुम्ही एकच दाबलंय. मी विचारलं, मागच्या वेळीही मी असंच केलं होतं, मग? तो म्हणाला, मग मागचीही कोरी.

कोरी, ताई! माझ्या आयुष्यातलं शेवटचं चांगलं गाणं मी भिंतीला ऐकवलं. ते एक असो, मूर्ख मी. पण तू त्या कोऱ्या कॅसेटवर रडलीस? सुरुवात हळू केली म्हणालीस? भाजीवाला निदान दोन शब्द ऐकून अंगठा दाबतो. तू तर लावलीही नाहीस आणि पत्रभर दाद दिलीस. एवढी वर्षं अशीच देत होतीस का? कंटाळा आला होता तर सांगायचं होतंस, मी काही सावकार नाही ऐकणं वसूल करायला. एक माणूस ऐकतंय या आधारावर मी म्हाताऱ्या गळ्याने झिजलो. तेही खोटं निघालं.

यापुढे कॅसेट येणार नाही.
नूरी

*

लताकिया, ११ मे २००९

चि. नूरी यास,
अनेक आशीर्वाद. आज वि. वि. खरीच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच.

मला ऐकू येत नाही. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो मोठा ताप आला होता ना, त्यात उजवा कान गेला, मागोमाग डावा. डॉक्टरांनी कानात यंत्र बसवून पाहिलं, तर डोक्यात नुसती करवत चालायची. काढून टाकलं. फोन म्हणून नको, घंटा म्हणून ऐकू येत नाही. रीमला आणि निजारला मी शपथ घातलीय की मामाला सांगायचं नाही.

का सांगितलं नाही विचारशील. तुझीच पत्रं काढून बघ. दर पत्रात लिहितोस की तू ऐकणं सोडलंस की मी कुलूप लावीन. मग मी कोणत्या तोंडाने सांगू? माझे कान गेले ते गेले, वर तुझा गळाही माझ्यामुळे जायला नको होता.

पण कॅसेट मी दर वेळी लावली आहे, देवाशपथ. निजारच्या जुन्या टेपच्या डब्यावर दोन्ही तळहात ठेवून बसते. तू वर चढलास की डबा बारीक थरथरतो, खाली उतरलास की जाड. गाणी मला पाठच आहेत. थरथरीवरून कळायचं की ओळ फिरून घेतलीस, मग मी अंगठी वाजवायची. धड कान होते तेव्हा मी तुला एवढं जीव लावून कधी ऐकलं नव्हतं.

ती शेवटची कॅसेट लावली आणि डबा थरथरेना. काचेतून पाहिलं, चक्रं फिरत होती. म्हणजे गाणं चालू असणार. मग तळहात काढले, पुसले, पुन्हा ठेवले. गाल लावून पाहिला. काही नाही. मला वाटलं, कान गेले तसे आता हातही गेले. रीमला विचारायचा धीर झाला नाही. म्हणून रडले, नूरी. रडणं खोटं नव्हतं. आणि भीती वाटली म्हणून नेहमीपेक्षा जास्त कौतुक लिहिलं.

हात गेले नाहीत हे तुझ्या रागाच्या पत्रावरून कळलं, तेवढं बरं झालं. तू लगेच निघून येऊ नकोस. माझ्यासमोर बसून तू गाशील आणि मला नुसते हलणारे ओठ दिसतील. ते तुझं लग्नात झालंय तेवढं पुरे. रागावला असशील तर रागाव, पण कॅसेट बंद करू नकोस रे.

तुझी
बदीआताई

*

अलेप्पो, २५ मे २००९

ती. ताईच्या पायांशी,
सलाम, वि. वि.

मला माफ कर. तुझं पत्र मला वाचवेना, म्हणून आयहमने वाचून दाखवलं. वाचता वाचता तोही थांबला. मग आपणहून उठून त्याने यंत्र लावून दिलं, लाल बटण आणि शेजारचं, दोन्ही एकदम, मला दाखवून. आणि माझ्यासमोर बसला. आज बाबा, पूर्ण ऐकतो म्हणाला. त्याने फोनही बंद करून ठेवला होता.

मी सुरुवात केली नाही, ताई. करायला गेलो, तोंड उघडलं, हवा आली, सूर आला नाही. आयहम वाट बघत बसला. बिचाऱ्याला वाटलं, मी मनात सूर लावतोय. मला सारखी वरची खिडकी दिसत होती आणि आता तिच्यामागे टकटक करायला कोणी बसलेलं नाही हे कळत होतं. तुझा दोष नाही. तू तर कान गेल्यावरही ऐकलंस. पण तू हाताने ऐकत होतीस हे कळल्यापासून मला माझा आवाज ऐकू येत नाही. कुलूप मी लावलं नाही, ते आपोआप पडलं. ती कॅसेट एका बाजूने संपेपर्यंत आम्ही बापलेक तसेच बसलो. संपल्यावर बटण खटकन वर आलं, तेवढाच काय तो आवाज.

तू म्हणालीस कॅसेट बंद करू नकोस. म्हणून तीच पाठवतोय. गुरुवारी संध्याकाळच्या नमाजानंतर लाव. त्याच वेळी मीही इथे बसेन. जिथे वाटेल तिथे अंगठी वाजव, मी मनातल्या मनात ओळ फिरून घेईन.

डबा थरथरणार नाही. तुझे हात शाबूत आहेत, ताई. घाबरू नकोस, कॅसेटच रिकामी आहे.

तुझाच
नूरी