वर जायची खूण

रविवार, ४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. बोटीतून बेटावर उतरल्याबरोबर जाऊबाईंनी चपला हातात घेतल्या आणि सरळ पाण्यात शिरल्या. दोघींचं सामान माझ्या डोक्यावर. थोरल्या जावेचा मान म्हणतात तो हाच असावा.

आमचे नवरे सख्खे भाऊ आणि पाण्याला सारखेच भितात. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायची सुट्टी म्हटल्यावर दोघांनाही नेमकी ऑफिसची तातडीची कामं निघाली. म्हटलं, राहा घरी आणि कुकर लावायला शिका. मी इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवते, सगळे महासागर तोंडपाठ, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. मुलांना कळलं तर काय अब्रू राहील?

खोली छान आहे. दोन खाटा, मधे आरसा, खिडकीत समुद्र. पंखा कुरकुरतो, पण जाऊबाईंच्या बडबडीत तो ऐकू कुठला येतोय. चहा त्या उकळताच पितात आणि पिताना बोलतात. लेकीने फोनवर बजावलंय, शिंपले आणल्याशिवाय घरात घेणार नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज उथळ पाण्यात शिकवणी झाली. शिकवणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. नाकाची सालं निघालेली आणि स्वभाव कडक. मला नारिंगी पंख मिळाले, म्हणजे पायात घालायचे ते. जाऊबाईंना निळे.

पाण्याखाली बोलता येत नाही हे ऐकून जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं. सगळं खुणांनी चालतं. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला की ‘ठीक?’ आणि उत्तरही तोच गोल. जोडीदाराने विचारलं की उत्तर द्यायचंच. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ छान नव्हे. त्याचा अर्थ, चल वर. एकीने अंगठा दाखवला की दोघींनी वर यायचं, कारण विचारायचं नाही, आणि एकटीने कधीच वर यायचं नाही. मी दिवसभर वर्गात पोरांना शाबासकीचा अंगठा दाखवणारी बाई. सारखी चुकत होते आणि बोलणी खात होते. शेवटी मास्तरांनी मला पाण्याखाली लिहायची पांढरी पाटी आणि पेन्सिल दिली. म्हणाले, कौतुक करायचं असेल तर यावर लिहा.

जेवताना जाऊबाई म्हणाल्या, धाकटे, तुला खाली टाकून मी काही वर येणार नाही, घरी कुठल्या तोंडाने जाऊ? मी म्हटलं, मीही तुम्हाला सोडणार नाही, नाहीतर भाऊजींना चहा कोण देणार? हसून हसून पोट दुखलं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज खरी बुडी. सकाळी जाऊबाईंनी हळदीसारखं पिवळंजर्द नेलपॉलिश लावायला घेतलं, पाण्यात माशांना दिसायला. डावा हात रंगवून झाला आणि बोटवाल्याने हाक मारली. उजवा तसाच राहिला.

खाली जे दिसलं ते कुठल्याच पुस्तकात नाही. तळाशी एक जुनी बुडालेली बोट आहे, तिच्या खिडक्यांमधून मासे ये-जा करतात. जाऊबाई पलीकडच्या बाजूने गेल्या. माझ्या पंखांनी गाळ उडाला आणि काही दिसेना. तेवढ्यात फुटक्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याने गोल केला. ठीक? हायसं वाटलं. मीही गोल केला, आणि आनंदाच्या भरात सवयीने अंगठा दाखवला. मग जाऊबाई खिडकीतून बाहेर आल्या, माझं मनगट धरलं आणि आम्ही वर आलो.

इतक्या लवकर आल्याबद्दल मास्तर रागावले. चूक माझी, कबूल. जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. कान बसले की असं होतं, दोन दिवसांत उतरेल, असं मास्तरांचं म्हणणं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

अजून एक शब्द नाही. समोरचा चहा थंड होऊन गेला. केस वाळत नाहीत. भर उन्हात बसल्या तरी वेणीतून पाणी गळतंय. उशी पिळून काढावी लागली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून मला गोल करून दाखवतात. मी दाखवेपर्यंत हात खाली घेत नाहीत. आधी हसले, आता वैताग आलाय.

भाऊजींचा फोन आला होता. जाऊबाईंनी बराच वेळ नुसता कानाला धरला. नंतर भाऊजी मला म्हणाले, एवढं शांतपणे माझं ऐकून घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. इतके खुशीत होते की मला काही सांगवेना.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

दुपारी त्या आडव्या होत्या. मी सहज बघत बसले. छाती हलत नव्हती. उठून जवळ जाणार, तेवढ्यात एक श्वास आला, आणि त्याच्यामागे बुडबुडे फुटल्यासारखा आवाज.

मग हात पाहिले. दोन्ही हातांची नखं कोरी. रंग काढायचं औषध आम्ही आणलेलंच नाही.

मास्तरांना आडून विचारलं, त्या बोटीपाशी कधी काही झालं होतं का. आधी टाळलं. मग म्हणाले, ते इथे यायच्या आधी दोन बायका जोडीने उतरल्या होत्या, त्यातली एकटीच वर आली. दुसरी कधीच सापडली नाही. आता कशाला घाबरून घेता, म्हणाले.

एकटीने वर यायचं नाही. ती तिथे कोणीतरी अंगठा दाखवण्याची वाट बघत होती. आणि मी दाखवला.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मग माझ्या जाऊबाई खालीच आहेत.

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, ऊन लागलंय तुम्हाला, त्या काय समोर बसल्यात. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, दोघी भांडलात वाटतं.

टाकीतली हवा किती पुरते ते मला कळतं. तीन दिवस कोणी जगत नाही. पण जाऊबाई मला सोडून वर येणार नाहीत हेही कळतं. हट्टी बाई आहे. तिथेच मला शोधत असेल. मी चुकून दुसरीलाच घेऊन आले, आणि ती अजून—

दुपारी खोलीत आले तर आरशासमोर मी बसले होते. माझा गाऊन, माझा अंबाडा. वळली तेव्हा चेहरा जाऊबाईंचा. बराचसा जाऊबाईंचा.

मला गोल करून दाखवला. मी उत्तर दिलं नाही. हात तसाच आहे. हे लिहितेय तरी तसाच—

उद्या शेवटची बुडी. मास्तर म्हणालेत, तुम्ही माझ्याबरोबर उतरा, त्या वर बोटीत बसतील. मी माझ्या जाऊबाईंना वर आणणार आहे. पाटी बरोबर घेतेय.

शनिवार, १०. पाटीवर

मास्तरांचा हात सोडला. गाळ. ते दिसत नाहीत.

खिडकी. पिवळी नखं. जाऊबाई

ठीक? विचारलं त्यांनी. मी ठीक म्हटलं. हसल्या. तशाच हसल्या—

अंगठा दाखवला. बघत नाहीत माझ्याकडे. माझ्या मागे बघतायत

मागे मी आहे. नारिंगी पंख. तिने अंगठा दाखवला—

जाऊबाईंनी तिचा हात धरला. नाही. मी इथे आहे. पाटी हलवतेय. वळत नाहीत. धाकटी सापडली असं वाटतंय त्यांना

चालल्या वर. घरी जातील, बरं झालं. पण ती पण जाईल. माझ्या घरी. माझ्या लेकीपाशी, शिंपले घेऊन—

जायला हवं. पाय हलत नाहीत. कोणी धरले नाहीत. मोकळे आहेत. तरी हलत नाहीत. नियम आहे, एकटीने वर