रॉजर म्हणजे नुसतं ऐकलं

बाबा, तुमची नात उद्या सकाळी पहिल्यांदा एकटी विमान उडवणार आहे. तिच्या प्रशिक्षकांनी आज दुपारी फोन करून सांगितलं. याला सोलो म्हणतात, शेजारच्या सीटवर कुणी नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! विमानांच्या संज्ञांवर मी अलीकडेच पेपरात लिहिलं. ईटीए म्हणजे पोहोचण्याची अपेक्षित वेळ, व्हीएफआर म्हणजे जमीन आणि ढग डोळ्यांनी बघत उडण्याचे नियम, एटीसी म्हणजे तुम्ही, टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देणारे. मजकूर वेळेत गेला. ‘रॉजर’पाशी मात्र हात थबकला होता.

आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही ड्युटीवर निघालेले, आई फोडणीपाशी. “येताना एक किलो भिवापुरी मिरची आणा.” तुम्ही बूट घालता घालता म्हणता, “रॉजर.” आई झारा घेऊनच दारात येते. “रॉजर म्हणजे नुसतं ऐकलं, तुम्हीच सांगितलं मले. आणून राहिले का नाही, ते बोला!” तुम्ही हसता. “विल्को.” म्हणजे ऐकलं आणि तसंच करतो. तरी ती सोडत नाही. “काय आणता? परत म्हणा.” दिवसभर पायलटांकडून प्रत्येक सूचना परत वदवून घेणारे तुम्ही मुकाट्याने म्हणता, “अर्धा किलो मिरची.” “पाहा! अर्धा कोण म्हटलं?”

आणि तो सोनेगावच्या मैदानातला दिवस. मी स्कूटर शिकत होते. फाटकापाशी थांबायचं होतं, वेग आवरला नाही, म्हणून वळवून पुन्हा मैदानात नेली. पोरं हसली, मी रडवेली झाले. तुम्ही म्हणालात, “काहून रडून राहिली वं? उतरता नाही आलं तं विमानही पुन्हा वर जाते. गो-अराउंड म्हणतात त्याले. हारणं नाही म्हणत.”

मागच्या आठवड्यात पोरीने जेवताना सहज सांगितलं, “आज गो-अराउंड केलं, आई.” मला तुमचं हे वाक्य तिला सांगता आलं असतं. त्याऐवजी मी पाणी आणायला उठले. तिला उडताना बघायला मी एकदाही गेलेली नाही. दर वेळी पेपरचं काम निघतं.

आज संध्याकाळी तिचा मेसेज आला, “उद्या येऊन राहिली ना? कुंपणापाशी उभी राहा, मला वरून दिसशील.” मी लिहिलं, “रॉजर.” लगेच तिचं उत्तर, “आजी असती तर झारा घेऊन आली असती.”

धुकं नसलं तर उद्या ती तुम्ही बसायचात त्याच टॉवरकडे परवानगी मागेल, एक चक्कर मारेल आणि उतरेल. नाही जमलं तर पुन्हा वर जाईल. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिते, बाबा, मला फार भीती वाटते आहे. तिला तसं कळवलेलं नाही. तिला आत्ता एवढंच पाठवलं, “विल्को. उद्या सकाळी, कुंपणापाशी.”