समुद्राकडची भिंत

फोर्ट मॅकमरी, अल्बर्टा
एप्रिलचा दुसरा रविवार, दुपार

प्रिय बाबा,

फोनवर तुमच्याशी पाच मिनिटांच्या वर बोलणं होत नाही. तुम्ही वारा कुठून आहे ते सांगता, खेकड्यांचं सांगता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहायला बसलोय. तुमचा चष्मा नेहमीसारखा बोटीत राहिला असणार, तेव्हा आईच वाचून दाखवणार हे धरून चाललोय. आई, मधलं काही गाळू नकोस. अक्षराला हसलीस तरी चालेल.

तुम्ही विचारलंत की जूनमध्ये समुद्राकडची भिंत उघडायची, तर बाहेरच्या फळ्यांच्या मागे कुठले तक्ते ठोकायचे. मला बरं वाटलं. इथं येऊन मी तीन कामं सोडली, शाळा तर त्याआधीच सोडलेली, आणि तुम्ही मला काही विचारावं अशी ही पहिलीच गोष्ट. पण विचारता विचारता दोन गोष्टी तुम्ही ठरवूनही टाकल्यात. एक, की तक्त्यांवरून सगळीकडे जाड प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे थेंब आत जायला नको. आणि दुसरी, की काम शहरातल्या माणसाला द्यायचं, लिअँडरमामानं फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या गोष्टीचं नंतर लिहितो. आधी तक्ते.

चिपबोर्ड, म्हणजे लाकडाच्या कपच्या दाबून केलेला तक्ता, घेऊ नका. स्वस्त आहे, आणि इथं आम्ही घरामागून घर त्याच्यात झाकतो, पण इथली हवा भाकरीच्या पापुद्र्यासारखी कोरडी आहे. हिवाळ्यात बोटं फुटतात, पण लाकूड सुकं राहतं. आपल्या न्यूफाउंडलंडच्या धुक्यात त्याच्या कडा पाणी पितात आणि फुगल्या की परत बसत नाहीत. आपल्या भिंतीला फुगे आलेत ना, तसेच. दुसरा एक हिरवा तक्ता मिळतो, कारखान्यातूनच वर लेप देऊन येतो आणि सांध्यांवर टेप चिकटवायची असते. माल उत्तम. पण टेप चिकटायला तक्ता पुरता कोरडा लागतो, आणि आपल्या खाडीत जूनमध्ये सलग तीन कोरडे दिवस कुणी पाहिलेत? तुम्ही टेप घेऊन अंगणात उभे, पाद्रीबाबांना विचारताय उद्या काय होईल, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि एकटाच हसलो.

तेव्हा बाहेरच्या कामाचं प्लायवुड घ्या. दोन तक्त्यांमध्ये खिळ्याच्या जाडीएवढी फट ठेवायची, अगदी चिकटवून बसवायचे नाहीत, लाकडाला फुगायला जागा लागते. कापलेल्या कडांना रंग मारायचा. त्यावर श्वास घेणारा कागद, म्हणजे पाऊस अडवतो पण वाफ बाहेर सोडतो तो, खालून वर, वरचा पट्टा खालच्यावर चढलेला, बोटीच्या फळ्या असतात तसा. मग उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यावर फळ्या. म्हणजे फळ्यांच्या मागे बोटभर पोकळी राहते. फळ्यांच्या आत शिरलेला पाऊस तिथून खाली उतरतो आणि राहिलेलं वारा सुकवतो. वारा काय, आपल्याकडे फुकट आहे.

आता प्लास्टिक. बाबा, ते बाहेरच्या बाजूला घालायचं नाही. तुम्ही म्हणाल, बत्तीस वर्षं समुद्रात काढली, पाणी कुठून येतं ते मला शिकवतोस का. पण ह्या भिंतीत पाणी समुद्राकडून आलेलंच नाही. ते आपल्या स्वयंपाकघरातून आलं. आईची किटली दिवसभर चुलीवर, रविवारी खारं मांस चार तास शिजतंय, तुमचे हातमोजे दोरीवर वाळतायत, ती सगळी वाफ कुठे जाते? भिंतीत जाते. बाहेरच्या थंडीजवळ पोचली की तिचं पाणी होतं. बाहेर कागद असेल तर ते हळूहळू निघून जातं. प्लास्टिक असेल तर तिथंच बसतं आणि लाकूड खातं. प्लास्टिक लावायचंच तर उबेच्या बाजूला, घराच्या आतून.

हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात आम्ही इथल्या एका घराची भिंत उघडली. आमचा मुकादम रोमुलो, मनिलाचा आहे, बुटका, सगळ्यांना 'पोरा' म्हणतो, साठ वर्षांच्या माणसालासुद्धा. बाहेरच्या फळ्या काढल्या तर खाली प्लास्टिक, आणि प्लास्टिकच्या मागे तक्ता ओल्या पावासारखा. रोमुलोनं त्यात अख्खा अंगठा घातला. म्हणाला, "कुणा शहाण्यानं घराला रेनकोट घातला आणि आत घाम येतो हे विसरला." सगळे हसले. मला म्हणाला, "पोरा, तुला का हसू येत नाही? तुझंच काम की काय?" मी शिडी धरायला गेलो.

आता मामाचं. सहा वर्षांपूर्वी ती भिंत त्यानं केली, आणि दोन हिवाळ्यांत ती फुगली. तुम्ही दुकानात, सगळ्यांच्या देखत म्हणालात, "आमच्या बापानं हे अख्खं घर रिकाम्या पिंपांवर तरंगवत खाडीपलीकडून आणलं, तेव्हा भिजलं नाही. लिअँडरनं उभ्या जागी कुजवलं." वाक्य चांगलं होतं, म्हणून लोकांनी ते जपून ठेवलं. त्यानंतर आपल्या खाडीकाठच्या गावात कुणी मामाला साधं खिडकीचं कामही दिलं नाही. हल्ली तो माशांच्या कारखान्यात खोकी रचतो. आणि चार वर्षं तो आपल्या स्वयंपाकघरात आलेला नाही. नाताळात तोंडं झाकून, सोंगं काढून लोक घरोघरी शिरतात, तेव्हा आई एकेकाच्या हाताकडे बघत बसते, त्यात भावाचे हात आहेत का म्हणून. मी एका नाताळला घरी होतो तेव्हा पाहिलंय. तुम्हीही पाहिलं असणार.

मामानं एकदाही तुम्हाला उलट उत्तर दिलं नाही. त्याला वाटतं, खरंच आपलंच कुठेतरी चुकलं. मागच्या उन्हाळ्यात आलो होतो तेव्हा मला धक्क्यावर भेटला आणि हळूच विचारलं, "सेल्बी, तू होतास ना माझ्याबरोबर. मी कागद उलटा तर नव्हता लावला?" मी म्हणालो, आठवत नाही मामा. आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो, सुट्टीचे चार दिवस शिल्लक असताना. तुम्ही म्हणालात, ह्या पोराच्या पायाला भिंगरी आहे.

भिंगरी नव्हती बाबा. ते काम चालू होतं तेव्हा तुम्ही बोट घेऊन खेकडे धरायला गेला होतात. तक्ते लावून झाले होते, कागद लावून झाला होता, नीट, सुलटा. मग मामा दोन दिवस एका मयताला पलीकडच्या खाडीत गेला आणि मला म्हणाला, फळ्यांना हात लावू नकोस. त्या दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटला. मला वाटलं, कागद फाटेल. मी माशांच्या कारखान्यातून जाड प्लास्टिक आणलं आणि अख्ख्या भिंतीवर ठोकलं. वारा गेला. ते काढायचं होतं, पण इतकं घट्ट, इतकं छान बसलं होतं की मला काढवेना. मी त्याच्यावरच फळ्या मारायला घेतल्या, तुम्ही येईपर्यंत भिंत पुरी झालेली दिसावी म्हणून. मामा परतला तेव्हा अख्खी भिंत फळ्यांनी झाकली होती आणि खालचं काही दिसत नव्हतं. त्यानं विचारलं, "खाली कागद नीट आहे ना?" मी म्हणालो, आहे. तो होताच. भिंत फुगली तेव्हा ती कशानं फुगली हे मला कळत नव्हतं, ते मला रोमुलोच्या अंगठ्यानं कळलं. पण मामानं न लावलेलं काहीतरी त्या भिंतीत आहे, एवढं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही दुकानात बोललात तेव्हा मी दाराशी उभा होतो. त्याच वर्षी मी इकडे आलो. जूनमध्ये तुमचा शहरातला माणूस फळ्या काढेल, प्लास्टिक दिसेल, आणि तेही मामाच्या नावावर जाईल. म्हणून लिहितोय. तुम्हाला खोटं वाटलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या तीन फळ्या आत्ताच काढा. प्लास्टिकवर कारखान्याचा लाल शिक्का आहे आणि त्याच्याखाली सुताराच्या पेन्सिलीनं माझं नाव आहे. मला त्या कामाचा फार अभिमान वाटला होता. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतोय, प्लायवुड मीच उचलेन, पण भिंत मामानं उघडावी. आई, तू वाचता वाचता थांबली असशील. किटली ठेव आणि मामाला बोलाव. बाबा नको म्हणाले तर हे पान त्यांना पुन्हा वाचून दाखव, मामा आल्यावर, मोठ्यानं.

तुमचाच,
सेल्बी