डोह कोणी मारला

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली आणि तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मग ठेवायची तरी कधी? जिवंतपणी तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, आणि आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, म्हणून आता बोलते. मागं एकदा आपल्या तळ्यावर मासेमारीचं शिबिर झालं. खात्याचा एक साहेब आला होता, माझ्या नातवाच्या वयाचा. त्यानं फळ्यावर तळ्याचं चित्र काढलं आणि सांगितलं, उन्हाळ्यात पाणी उथळ झालं की तळाचा काळा गाळ ढवळायचा नाही, त्यात विषारी वायू कोंडलेला असतो, तो वर आला की मासा गुदमरतो. वारा पडलेला असेल तर जास्तच. सगळे माना डोलावत होते. मी मात्र लुगड्याचा पदर मुठीत आवळून बसले होते. दहा मिनिटांत सांगून झालं त्याचं. तुम्ही जन्मभर त्या तळ्याच्या काठी बसलात, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं, आणि मला दहा मिनिटं दिली नाहीत.

दादाला दिलीत. तो सात-आठ वर्षांचा झाल्यापासून तुम्ही त्याला बांधावर घेऊन बसत होता. पाण्याचा रंग हिरव्याचा तपकिरी कधी होतो, पश्चिमेचा वारा सुटला की मासा कुठल्या अंगाला जातो, सगळं त्याला सांगितलंत. मी माशांची पाटी घेऊन मागं उभी असायचे, कारण मासे पारनेरच्या बाजाराला न्यायचं काम आईचं आणि माझं. मासा पाण्याबाहेर आला की तो आमचा. साफ करा, विका, उरलेला वाळवा. पाण्यात असेपर्यंत मात्र त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. बाईनं पाण्यात उतरायचं नाही, बाईचा हात जाळ्याला लागला तर जाळं बाटतं. आणि एवढं शिकवलेला तुमचा लेक काय करून बसला? नगरला कारखान्यात लागला आणि दिवाळीला येऊन चिवडा खाऊन जायला लागला. तळ्याशी उरले ती मी. तरी तुम्हाला मला काही सांगावंसं वाटलं नाही. उन्हाळ्यात वारा पडला की तुम्ही पहाटेच घागर घेऊन डोहावर जायचा. डोहातलं पाणी भरायचं, डोक्यावर उचलायचं आणि तिथूनच पुन्हा डोहात ओतायचं. शंभर वेळा, दोनशे वेळा. बाया हसायच्या. "तुजा बा देवाला आंगूळ घालतोय का गं?" म्हणून मला विचारायच्या. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मासं वारं प्यायला वर येतंय." एवढंच. उंचावरून ओतलेल्या पाण्यातून वारा खाली जातो, हे मला त्या फळ्यावरच्या चित्रानं सांगितलं.

बहात्तरचा पाऊस कोरडा गेला आणि पुढच्या वैशाखात तळ्याची काय दशा झाली होती ते तुम्हाला सांगायला नको. बांधापासून अर्धा कोस नुसती भेगाळलेली जमीन, आणि मध्ये तो डोह, गावच्या चावडीएवढा. सगळ्या तळ्यातला मासा त्यात येऊन दाटलेला. पहाटे बघावं तर पाण्यावर नुसती तोंडं. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जातंय, पगार लांबतोय, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही, आणि डोळ्यांसमोर एवढा मासा. चावडीवर सगळे जमले, म्हणाले, एकदाचा काढा आणि घरटी वाटून टाका. बरोबरच होतं त्यांचं. मी आजही म्हणते, बरोबर होतं. पण तुम्ही उभे राहिलात. डोहातला मासा अखितीनंतर, अक्षय्य तृतीया उलटली की, काढायचा नाही, ते पुढच्या पाण्याचं बियाणं, हा आपल्या भोयांचा कायदा तुम्ही त्यांना सुनावलात. "आज खाल तर पाऊस पडल्यावर तळं वांझ ऱ्हाईल. मासं जगवायचं माज्याकडं लागलं. मी जामीन हाय," म्हणालात. तुमच्या शब्दाला तेव्हा वजन होतं. लोक कुरकुरत घरी गेले.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोर तीन महिन्यांची झाली होती, आणि मला दूध नव्हतं. दुष्काळी कामावर वाटलेली कोरडी सुकडी खाऊन कुठलं दूध येतंय? पोर छातीला लावली की दोन घोट ओढायची आणि रडून रडून निळी व्हायची. आई म्हणाली, रोहूचं कालवण चार दिवस पोटात गेलं की दूध येईल. मी तुमच्यापुढं आले. तुम्ही ओट्यावर जाळ्याची गाठ बांधत होता. मी म्हणाले, "आबा, एक मासा द्या. पोरीला पाजायला काय न्हाई." तुम्ही मान वर केली नाहीत. "डोहातला न्हाई." मी म्हणाले, "एकच. कुनाला कळनार बी न्हाई." तेव्हा तुम्ही जाळं खाली ठेवलंत आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "गावाच्या पोरींला दूध हाय व्हय? त्यांच्या आया आल्या न्हाईत मागायला. न्हाई म्हंजी न्हाई." शेजारच्या दोन बाया दारात येऊन बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, पंधरा दिवस त्या डोहावर घागरी ओतत होता तुम्ही, माशाच्या जिवासाठी. नातीच्या जिवासाठी तुमच्याकडं एक मासा नव्हता. त्या वेळी जो राग आला तो आजही तसाच आहे, एक चमचाही कमी झालेला नाही. तुम्ही तेव्हा एवढं जरी म्हणाला असता, की बाई गं, पाण्यात पाय घातला तर सगळंच मरेल, तर मी पोरीला पिठाचं पाणी पाजलं असतं आणि गप्प राहिले असते. कारण सांगितलंत ते गावाच्या पोरींचं. गाळाचं सांगितलं नाहीत.

दोन दिवसांनी भर दुपारी मी गेले. गाव खडीवर, तुम्हीही शिवाराबाहेर दुसऱ्या बांधाच्या कामावर. पोर आईजवळ झोपलेली. परड्यात बूड गेलेली एक जुनी टोपली होती, ती घेतली. उथळ पाण्यात मासा दिसला की त्याच्यावर अशी टोपली दाबायची आणि वरून हात घालून धरायचा, हे मी लांबून बघितलेलं. बघून काही येत नाही, आबा. वरचं पाणी आंघोळीच्या कढत पाण्यासारखं, खाली पाय मात्र गार, मऊ गाळात गुडघ्यापर्यंत. टोपली दाबते तोवर मासा निसटून जातोय. मी त्याच्या मागं धावतेय, पडतेय, पुन्हा दाबतेय. या काठापासून त्या काठापर्यंत सगळा डोह मी तुडवला. पायाखालून बुडबुडे येत होते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. मला वाटलं, गाळ आहे, वास येणारच. घटका-दोन घटकांनी दोन रोहू हाताला लागले. पदरात गुंडाळून आणले. आईनं चूल पेटवली आणि तुम्ही यायच्या आत कालवण करून मला वाढलं. काटे तिनं उकिरड्यात खोल पुरले. आणि दूध आलं. त्याच रात्री आलं, ते खोटं कशाला सांगू. पोर पोटभर प्यायली आणि पहिल्यांदा सलग झोपली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला मी परसाकडला गेले होते. बांधावरून डोह पांढरा दिसला. मला आधी कळेचना. मग जवळ गेले. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, लहान, मोठे, अंड्यांनी फुगलेल्या माद्यासुद्धा. फक्त मरळ तेवढी वळवळत होती, ती तोंड वर काढून जगते. तुम्ही काठावर होता. घागर बाजूला आडवी पडलेली. आणि तुम्ही पाय घासत चालत होता. मला वाटलं, डोकं फिरलं तुमचं. मग दिसलं. ओल्या गाळात, पाण्यात उतरल्याच्या आणि वर आल्याच्या जागी, माझी पावलं होती. बाईची लहान पावलं, आणि टोपली टेकवल्याचं गोल. तुम्ही एकेका पावलावर पाय ठेवून ते पुसत होता. गावातून माणसं यायच्या आधी सगळं पुसायचं होतं तुम्हाला. तुम्ही वर बघितलंत. मी बांधावर उभी. तुम्ही पुन्हा खाली मान घातलीत आणि पुसत राहिलात.

मग माणसं आली. पुढचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. उपाशी गाव नाकाला फडकं लावून ते रातोरात नासलेले मासे खड्ड्यात पुरत होतं. आदल्या दिवशी त्याच माशांवर गावाची दोन जेवणं झाली असती. एकानं तुमच्या तोंडावर विचारलं, "जामीन हुतास न्हवं?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "माजा अंदाज चुकला." बस. त्यानंतर तळ्याच्या बाबतीत तुम्हाला कोणी काही विचारलं नाही. तुम्ही खडी फोडायला गेलात. पाऊस आला, तळं भरलं, आणि तुम्ही म्हणाला होतात तसंच दोन वर्षं त्यात मासा नव्हता. दरवेळी कोणीतरी म्हणायचं, म्हाताऱ्यानं डोह मारला. तुम्ही ऐकून घ्यायचा आणि तंबाखू मळत बसायचा.

आणि मला एक शब्द नाही! मारायचं होतंत. ओरडायचं होतंत, आळीला ऐकू जाईल असं, जसं मासा मागितला तेव्हा ओरडला होतात. मी वाट बघत होते. सासरी परत जायच्या दिवशी वाटलं, आता बोलतील. तुम्ही पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवलात आणि टेम्पोत जागा धरून दिलीत. हा कसला मोठेपणा? माझी चूक तुम्ही मला न विचारता उचलून नेलीत, तुमच्या नावावर लावलीत आणि तशीच घेऊन मेलात. वारा पडला होता, मी गेले नसते तरी मासे मेलेच असते, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. तुम्ही एकदा रागावला असता तर समजवायची गरज पडली नसती. मी रडले असते, पाया पडले असते, चावडीवर जाऊन खरं बोललेही असते. असं मला वाटतं. पण ते खरं नाही, हे परवा कळलं.

मालक गेल्यावर मी इथंच परत आले हे तुम्ही बघितलंत. पुढं मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली, आता मासेमारी संस्थेची सभासद आहे. पाण्यात बाई उतरते आता, कोणी काही म्हणत नाही. यंदा पुन्हा तळं आटून डोहावर आलंय. चार दिवस वारा नाही. परवा संस्थेची बैठक झाली, आणि ठरलं की लग्नसराईला भाव आहे तर दिवसा तळ घासत जाणारं ओढजाळं लावून मोठा मासा काढायचा, लहान ठेवायचा. मी उठून सांगितलं, गाळ हलवू नका, लहानसुद्धा वाचणार नाही. चेअरमन म्हणाला, "मावशी, तासाभराचं काम हाय." मी शिबिरातल्या साहेबाचं नाव घेऊन पुन्हा सांगितलं. तेव्हा कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला, त्या दिवशी खड्डा खणणाऱ्यांतला आहे तो. म्हणाला, "हिच्या बापानं गाळाला कुनाचं बोट लावू दिलं न्हवतं. तरी डोह मेलाच की." सगळे हसले. विषय संपला.

त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं, आबा. की गाळाला बोट लागलं होतं, माझे दोन्ही पाय लागले होते. ते ऐकल्यावर एकही माणूस जाळं घेऊन उतरला नसता. तुमचं नावही धुतलं गेलं असतं. माझं वय आता सत्तरीच्या पुढं, कोण काय करणार होतं मला? तरी मी खाली बसले. चहा आला तो प्यायले.

उद्या सकाळी दहाला ते जाळं लावणार आहेत. चेअरमनचं घर इथून चौथं आहे, दिवा दिसतोय, जागा आहे तो. मी मात्र इथं बसून तुम्हाला लिहितेय, कारण तुम्हाला हे सगळं आधीच ठाऊक आहे.