खालच्या लूपरचा दोरा

प्रिय उज्जू,

दिवाळीचं शिवणकाम डोक्यावर आलं आणि आपली ओव्हरलॉक मशीन ऐनवेळी रुसली. खालच्या लूपरचा, त्या वाकड्या आकड्याचा, दोरा सारखा तुटायचा. मी ओवायचे, पायडल दाबायचे, दोन बोटं शिवण पुढे गेली की पुन्हा तुटायचा. दोऱ्याचं टेन्शन ढिलं केलं, सुई बदलली, पात्याखालची कापडाची लव ब्रशने काढली, तेलही दिलं. मग आठवलं, हे तू मला दहादा सांगितलं होतंस. सुईतला दोरा आधी काढायचा, मग खालचा लूपर ओवायचा, सुई सगळ्यात शेवटी. तू चिमटा घेऊन ओवत बसायचीस आणि शेजारी काजं करता करता आई म्हणायची, "शीलाले घाई लय." तसं ओवलं आणि मशीन चालली. परकराची कड इतकी सुरेख आली, की तुला दाखवावीशी वाटली.

राजपालशी लग्न करून तू चाकणला गेलीस, त्याला सहा वर्षं झाली. धनराजदादाने घरात तुझं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. मी सासर सोडून त्याच्याच घरात आलेली, कधी उलटून बोलले नाही. आई मात्र काम नसलं तरी रोज तुझी ही मशीन पुसायची.

आषाढात ती गेली, तेव्हा तुला तिसऱ्या दिवशी मेडशीच्या मावशीकडून कळलं. तू आलीस, ओसरीवर बसलीस आणि एवढंच विचारलंस, "ताई, मले काहून नाही सांगतलं?" मी म्हटलं, सगळं अचानक झालं. तू मान हलवलीस आणि दुपारच्या एसटीने परत गेलीस.

अचानक नव्हतं, उज्जू. आई अकरा दिवस अंथरुणावर होती. रोज म्हणायची, "उज्जूले फोन लाव." मी फोन कानाशी धरायचे आणि सांगायचे, "उचलून नाही राह्यली, माय." नंबर मी एकदाही लावला नाही. दादाच्या धाकाने लावला नाही, असं लिहिता आलं असतं. पण दुपारभर तो शेतात असायचा, तेव्हाही लावला नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. आई तुझ्यावर रागावली नाही. म्हणायची, "कामावर असन पोरगी. हात मोकळा झाला की करन." शेवटच्या दिवशी तिने फोन उशाशी ठेवून घेतला. माफी मागायला हे लिहीत नाही. तिने तुला बोलावलं होतं, हे तुला ठाऊक असायला हवं.

तुझीच,
शीलाताई