यंदाची चटणी

दक्षिण सुदान

ती. आई,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही तिघं धडधाकट आहोत, ते आधी सांगून टाकते.

शाळा चालू आहे. घंटा तेवढी वाजवत नाही. शाळा भरल्याचं बाहेर बंदूकवाल्यांना कळायला नको म्हणून हे व्हरांड्यातून हात हलवतात आणि पोरं गपचूप आत येतात. तेवढाच गोंगाट कमी.

तुझा गुडघा कसा आहे? चर्चला चालत जाऊ नकोस, रिक्षा कर.

डंकावर मिरची कुटायला नेली असशील. यंदा चटणी इकडं पाठवू नकोस, पार्सल पोचायची खात्री नाही.

इथल्या केरळच्या मॅडम पुढच्या आठवड्यात गावी परत निघाल्यात. त्यांच्यासोबत आमची एस्तेर तुझ्याकडं येतेय. आम्ही दोघं नाही. बोर्डिंगच्या पोरांना न्यायला कुणीच आलेलं नाही, त्यांना टाकून कसं यायचं?

तू म्हणशील, "दुसऱ्याची पोरं पोटाशी, आन् आपली लावून दिलीस व्हय गं?" म्हण.

सुट्टीला आजीकडं चाललीस, असं तिला सांगितलंय. तूही तेच सांग.

तिच्यासाठी कमी तिखट चटणी वेगळी कुटून ठेव. वर्षभर पुरेल एवढी.

तुझीच,
रूथ