सतरा नंबरची नळी

मीरा रोड,
६ सप्टेंबर २००९

प्रिय उत्तमदादा,

आधी जे घडलं तेवढंच लिहिते.

१. १० मे, रविवार. आमच्या प्रयोगशाळेच्या अभ्यासासाठी मी आईला लाळेची नळी दिली. नळी क्रमांक १७. तू बडोद्याहून सुट्टीवर आला होतास.

२. २ जुलै. नळी १७चा आकडा निरोगी माणसांच्या आकड्यांत बसला. मी तो घरी सांगितला. सांगायचा नव्हता.

३. २० ऑगस्ट. आई भाजी आणायला शांती नगरातून निघाली आणि तीन तास सापडली नाही.

४. ३० ऑगस्ट. मी आईची लाळ पुन्हा घेतली.

फोनवर हा विषय निघाला की तू हसून दुसरीकडे वळतोस, म्हणून पत्र.

वीस तारखेला आई जरा रस्ता चुकली, एवढंच तुला ठाऊक आहे. ती हाटकेश भागातल्या एका गाळ्यात होती. तिथे बायका बॉलपेनांना टोपणं लावतात. आई आत गेली, चपला काढून त्यांच्या रांगेत बसली आणि कामाला लागली. गोरेगावचा पेनांचा कारखाना सोडून तिला अकरा वर्षं झालीत. बायकांना वाटलं, नवी आलीय. जेवणाच्या सुट्टीत हिच्याकडे डबा नाही म्हणून तिथल्या हंसाबेननं चौकशी केली. पिशवीत विजेचं बिल होतं, त्यावरचा पत्ता बघून ती आईला रिक्षानं घरी घेऊन आली. मी कामावरून धावत आले होते. दारात हंसाबेन मला म्हणते, माँजी का हाथ बहुत साफ है, कल भी भेज दो. आई खूश. मीही हसले. ती गेल्यावर आईनं विचारलं, ही बाई कोण गं?

मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाली, माझी थुंकी पास झालीय, तू तुझी तपास. आकडा लिहिलेला कागद तिनं पाकिटात जपून ठेवलाय. शेजारच्या सुलूमावशीला दोनदा दाखवून झाला.

तो आकडा म्हणजे काय, हे मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. मेंदूत साठणाऱ्या एका प्रथिनाचे अंश लाळेतही येतात. अल्झायमर झालेल्यांच्या लाळेत ते वेगळ्या प्रमाणात सापडतात का, एवढंच आम्ही तपासतोय. उत्तर अजून कुणाकडे नाही. या आकड्यावरून एका माणसाला आजार आहे की नाही, ते सांगता येत नाही. आईचं नाव तर मी निरोगींच्या यादीत घातलं होतं. वय पासष्ट, तक्रार नाही.

तीस तारखेला मी समोर बसले. रक्तदाबाच्या गोळीनं तिचं तोंड कोरडं पडतं. वीस मिनिटांत जेमतेम एक मिलिलिटर, तीही मिश्रीनं तपकिरी. कंटाळून म्हणाली, मागच्या वेळी उत्तमनं कशी पटकन भरली होती, त्यालाच बोलव ना. आणि पुन्हा नळी तोंडाला लावली. हे माझ्यापासून लपवायचं होतं, हेच ती विसरली होती.

ती घाबरली असेल, तिनं तुला गळ घातली असेल. मला राग आला नाही असं लिहिणार नाही. पण माझ्या वहीत दहा मेची नोंद आहे: सहा मिनिटं, चार मिलिलिटर, रंग स्वच्छ. अक्षर माझं. ही आईची लाळ नव्हे, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं. मी वही मिटली, आणि जुलैत आकडा आला तेव्हा घरी येताना पेढे घेतले.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं, आकडा घरी फोडल्याचंही. सतरा नंबर अभ्यासातून बाद केलाय. नवी नळी मोजलेली नाही, मोजणारही नाही. आईला आता आकडा नको, डॉक्टर हवेत. शनिवार २६ सप्टेंबर, सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. माझ्या सांगण्यानं ती येणार नाही. तिचा त्या कागदावर विश्वास आहे. ती नळी तू भरलीस, हे तू तिच्यासमोर बसून तिला सांगायला हवंस. दुसऱ्या दिवशी ती विसरेल कदाचित. मग पुन्हा सांगायचं. त्यासाठी शुक्रवारीच ये. येतोस की नाही, ते १८ सप्टेंबरपर्यंत कळव.

तुझीच,
अंबिका